शब्दाचें शेपूट : इंग्रजी प्रत्ययांचा घरगुती विचार

मराठी घरांतील मूल इंग्रजी शब्द पाठ करावयास बसलें म्हणजे वडील मंडळींस समाधान वाटतें. आज दहा शब्द, उद्यां दहा शब्द, स्पेलिंगासह आणि अर्थासह. वही भरत जाते आणि मुलाची प्रगति होत आहे असें सर्वांस वाटूं लागतें. परंतु ह्या प्रगतीची थोडी परीक्षा घ्यावी. ‘काइंड’ म्हणजे दयाळू, हें मुलास येतें. ‘काइंडनेस’ म्हणजे काय असें विचारलें, तर तें बिनदिक्कत सांगतें कीं, हा शब्द अजून आमचा झाला नाहीं! हेंच मूल मराठींत असें कधीं म्हणावयाचें नाहीं. ‘मोठा’ कळला त्याच दिवशीं त्यास ‘मोठेपणा’ कळला. ‘मूर्ख’ कळला त्याच दिवशीं ‘मूर्खपणा’ही कळला, आणि तो तर कित्येकदां स्वतःविषयींच ऐकून! मग इंग्रजीशीं गांठ पडतांच तेंच बुद्धिमान मूल असें पंगु कां होतें?

आमच्या मतें ह्याचें कारण इतकेंच कीं, मराठी शब्दाचे सांधे त्यास दिसतात. इंग्रजी शब्दाचे सांधे त्यास कोणी दाखविलेले नसतात. त्याच्या दृष्टीनें प्रत्येक इंग्रजी शब्द हा एक अखंड धोंडा. तो उचलावयाचा आणि डोक्यांत नेऊन टाकावयाचा. महाराष्ट्रांत मराठी माध्यमाच्या शाळांतूनही सन २००० पासून पहिल्या इयत्तेंतच इंग्रजी सुरू होतें. पूर्वीं तें पांचव्या इयत्तेंत येत असे. म्हणजे धोंडे वाहण्याचें हें काम आतां सहाव्या वर्षींच पाठीवर येतें. तें हलकें करण्याचा एक उपाय घरच्या घरीं होण्यासारखा आहे. तो म्हणजे शब्दाच्या शेवटीं जोडल्या जाणाऱ्या प्रत्ययांची ओळख. ह्या खेपेस त्यांचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शब्दाच्या शेवटच्या एकदोन अक्षरांनीं केवढा फरक पडतो, हें वाशीम जिल्ह्यांतील वाचकांस निराळें सांगावयास नको. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या ह्या जिल्ह्याचे तालुके सहा : वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, मानोरा आणि कारंजा. त्यांपैकीं कारंज्यास ‘लाड’ हें शेपूट जोडल्यावांचून पत्र टाकाल, तर तें वर्धा जिल्ह्यांतील कारंजा घाडगे येथें जाऊन बसण्याचा संभव. मंगरूळास ‘पीर’ लाविला नाहीं, तर अमरावती जिल्ह्यांतील मंगरूळ दस्तगीर वाटेंत उभेंच आहे. मालेगांव म्हटलें कीं बाहेरच्या मनुष्यास नाशिककडील मालेगांव आठवतें, म्हणून येथील मालेगांवास ‘जहांगीर’ म्हणावें लागतें. आणि अंतरिक्ष पार्श्वनाथाचें शिरपूर तें शिरपूर जैन. धुळ्याकडील शिरपूर तें नव्हे. व्याकरणकार म्हणतील, हे प्रत्यय नव्हेत, हीं स्वतंत्र पदें आहेत. आणि त्यांचें म्हणणें खरें आहे. परंतु खरा प्रत्ययही दूर नाहीं. गांवाच्या नांवास ‘कर’ लागला कीं रिसोडचा रिसोडकर होतो. मूळ शब्द तोच राहिला. शेपूट लागतांच गांव जाऊन तेथें मनुष्य आला. प्रत्ययाचें काम तें हेंच.

ह्याहून जुना दाखला पाहिजे असेल, तर तो वाशीमच्याच नांवांत आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथें १९३९ सालीं सांपडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटांत वंशवर्णन संस्कृतांत असून दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. ह्या वत्सगुल्माच्या प्राकृत रूपास ‘ई’ हा स्त्रीलिंगी प्रत्यय लागून ‘वच्छोमी’ हा शब्द झाला, आणि राजशेखरानें ‘कर्पूरमंजरी’ ह्या आपल्या प्राकृत सट्टकांत तो एका काव्यरीतीचें नांव म्हणून योजिला. संस्कृत पंडित जिला वैदर्भी म्हणतात, तीच ही रीति. एक ‘ई’ लागली आणि गांव होतें तें काव्याची रीति झाली! त्याच राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’मध्यें काव्यपुरुष आणि साहित्यविद्या ह्यांचा विवाह ह्याच वत्सगुल्म नगरांत लाविला आहे. तेव्हां शब्द व प्रत्यय ह्यांच्या सोयरिकीची चर्चा वाशीमच्या साक्षीनें करण्यास कांहींच हरकत नाहीं. जातां जातां एवढें लक्षांत ठेवावें कीं, ‘विदर्भ’ ह्या शब्दाचें ‘वैदर्भी’ होतांना आरंभींचा ‘वि’ पालटून ‘वै’ झाला आहे. ह्या गोष्टीचा उपयोग पुढें होईल.

आतां मूळ विषयाकडे वळूं. मराठींत शब्दांचीं तीन मोठीं घराणीं आहेत : घरचें, संस्कृत आणि फारसी. प्रत्ययांचींही तशींच. ‘पणा’ आणि ‘की’ हे घरचे. ‘ता’ आणि ‘त्व’ हे संस्कृत. ‘दार’, ‘गिरी’, ‘खोर’ हे फारसी. ‘नम्र’चें ‘नम्रता’ होतें आणि ‘शहाणा’चें ‘शहाणपणा’. परंतु ‘शहाणता’ कोणी म्हणत नाहीं, आणि ‘खोटेपणा’च्या जागीं कोणी ‘खोटत्व’ म्हटलें तर घरांतील लहान मूलही हंसेल. इंग्रजीची स्थिति अगदीं अशीच आहे. ‘नेस’, ‘हुड’, ‘शिप’, ‘डम’, ‘फुल’, ‘लेस’, ‘इश’, ‘ली’ हे तिचे घरचे, म्हणजे सॅक्सन, प्रत्यय. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकल्यावर दरबारांतून आणि न्यायालयांतून फ्रेंच शिरली, जशी आपल्याकडे दफ्तरांतून फारसी शिरली. विद्वानांनीं लॅटिन आणिली. त्यांच्याबरोबर ‘मेंट’, ‘इटी’, ‘शन’, ‘एबल’ हे पाहुणे आले आणि घरचेच होऊन राहिले. ‘लॉजी’, ‘इझम’, ‘आयटिस’ हे मूळचे ग्रीक. ते शास्त्रांचा हात धरून आले.

ह्यावरून नियम असा निघतो कीं, शब्द ज्या घराण्याचा, प्रत्यय बहुधा त्याच घराण्याचा. ‘काइंड’ हा सॅक्सन, म्हणून ‘काइंडनेस’. ‘रॅपिड’ हा लॅटिन, म्हणून ‘रॅपिडिटी’. ‘बहुधा’ असें आम्ही मुद्दाम म्हणतों. मराठींत ‘समजूत’ ह्या घरच्या शब्दास फारसी ‘दार’ लागून ‘समजूतदार’ झाला, आणि तो आज परका वाटत नाहीं. तसेंच इंग्रजींत ‘ब्यूटी’ फ्रेंच असून तिला सॅक्सन ‘फुल’ मिळाला आहे, आणि ‘ईट’ हा सॅक्सन असून ‘ईटेबल’मध्यें त्यास पाहुणा प्रत्यय लागला आहे. अशा जोड्या दिसल्या म्हणजे नियम मोडला असें समजूं नये. भाषा जिवंत आहे असें समजावें.

ज्या घरांत संस्कृताचा थोडाबहुत अभ्यास आहे, तेथें मुलांस आणखी एक गोष्ट सांगतां येईल. पाणिनीनें शब्द बनविणाऱ्या प्रत्ययांचे दोन वर्ग केले : धातूस लागणारे ते कृत्, आणि नामादि शब्दांस लागणारे ते तद्धित. इंग्रजीसही ही वांटणी चांगली लागू पडते. ‘टीच’ ह्या क्रियेस ‘अर’ लागून शिकविणारा जो ‘टीचर’ तो कृदन्त. ‘फ्रेंड’ ह्या नामास ‘शिप’ लागून झालेली ‘फ्रेंडशिप’ ही तद्धितान्त. ह्यांखेरीज अनेकवचनाचा ‘एस’ किंवा भूतकाळाचा ‘ईडी’ हे प्रत्यय आपल्या विभक्ति व आख्यात प्रत्ययांसारखे. ते नवा शब्द घडवीत नाहींत. आहे त्याच शब्दास वाक्यांत उभें राहण्यापुरतें रूप देतात.

ह्या ‘ईडी’च्या उच्चाराविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे. आपलीं मुलें ‘वॉकेड’, ‘कॉलेड’ असें सर्रास वाचतात. खरा उच्चार ‘वॉक्ट’ आणि ‘कॉल्ड’. एका ठिकाणीं ‘ट’ आणि एका ठिकाणीं ‘ड’ कां, ह्याचें उत्तर आपल्या संधिनियमांतच आहे. कठोर व्यंजनापुढें कठोर, मृदु व्यंजनापुढें मृदु. ‘क’ कठोर म्हणून ‘ट’, ‘ल’ मृदु म्हणून ‘ड’. केवळ ज्या क्रियापदाचा शेवटचा ध्वनि मुळांतच ‘ट’ किंवा ‘ड’ असतो, तेथें दोघांचा उच्चार एकत्र होईना म्हणून मधें स्वर येतो आणि ‘वाँटिड’ होतें. मुलास तीन नियम पाठ करावयास लावण्यापेक्षां ही एक गोष्ट समजावून द्यावी.

प्रत्यय लागण्यापूर्वीं मूळ शब्दास थोडें अंग चोरावें लागतें, हेंही मराठी मनुष्यास नवें नाहीं. ‘घोडा’स ‘ला’ लाविला तर ‘घोडाला’ होत नाहीं, ‘घोड्याला’ होतें. ‘विहीर’ची ‘विहिरीला’ होतांना मधली ‘ही’ ऱ्हस्व होते. ह्यास आपण सामान्यरूप म्हणतों. इंग्रजीचेंही सामान्यरूप आहे. ‘हॅपी’च्या शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘हॅपिनेस’मध्यें ‘आय’ येतो. ‘होप’ म्हणजे आशा करणें. त्याच्या शेवटचा ‘ई’ गळून ‘होपिंग’ होतें, आणि त्यांत ‘पी’ एकच. ‘हॉप’ म्हणजे एका पायावर उडी मारणें. त्याच्या ‘हॉपिंग’मध्यें ‘पी’ दोन. परगांवीं शिकणाऱ्या मुलानें ‘आपल्या भेटीची आशा करीत आहें’ असें लिहितांना एक ‘पी’ जास्त घातला, तर चिरंजीव आपल्या भेटीसाठीं लंगडी घालीत आहेत असा अर्थ होतो! असें एक उदाहरण मुलास हंसवून सांगितलें म्हणजे तो नियम जन्मभर विसरत नाहीं.

कित्येक प्रत्यय केवळ शेवट बदलून थांबत नाहींत. ते आंतल्या स्वरासही धक्का देतात. ‘सेन’ म्हणजे शहाणा, शुद्धीवर असलेला. त्याचें भाववाचक ‘सॅनिटी’. ‘डिव्हाइन’चें ‘डिव्हिनिटी’. ‘विदर्भ’चें ‘वैदर्भी’, ‘इतिहास’चें ‘ऐतिहासिक’ हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास ह्यांत आश्चर्य वाटूं नये. फरक एवढाच कीं, संस्कृतांत आरंभींचा स्वर वाढतो, आणि इंग्रजींत बहुधा आंतला स्वर किंवा उच्चारांतील जोर जागा बदलतो. ‘फोटोग्राफ’मध्यें जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’मध्यें दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्यें तिसऱ्यावर. हा खोडकरपणा पाहुण्या प्रत्ययांचा. घरचे सॅक्सन प्रत्यय ‘नेस’, ‘लेस’, ‘शिप’ हे मूळ शब्दास बोटही लावीत नाहींत.

येथवर रूपाचा विचार झाला. अर्थाच्या बाबतींत अधिक सावध राहिलें पाहिजे, कारण प्रत्यय ओळखीचा वाटला कीं मनुष्य निष्काळजी होतो. ‘फुल’ म्हणजे युक्त आणि ‘लेस’ म्हणजे रहित, हें सर्वांस ठाऊक आहे. ‘केअरफुल’ काळजी घेणारा, ‘केअरलेस’ निष्काळजी. परंतु ‘हेल्पफुल’ म्हणजे मदत करणारा, म्हणून ‘हेल्पलेस’ म्हणजे मदत न करणारा असें म्हणाल तर चुकाल. ‘हेल्पलेस’ म्हणजे ज्यास मदत नाहीं तो, असहाय. ‘शेमफुल’ आणि ‘शेमलेस’ हे दिसावयास परस्परविरुद्ध, पण दोन्ही निंदेचेच : लाजिरवाणी कृति ती ‘शेमफुल’ आणि निर्लज्ज मनुष्य तो ‘शेमलेस’. ‘प्राइस’ म्हणजे किंमत, म्हणून ‘प्राइसलेस’ म्हणजे बिनकिंमती असा अर्थ करणारांनीं आपलाच ‘अमूल्य’ शब्द आठवावा. ज्यास मूल्य नाहीं तें नव्हे, ज्याचें मूल्य करतां येत नाहीं तें अमूल्य. टाकाऊ वस्तूस ‘वर्थलेस’ हा निराळा शब्द आहे. तसेंच ‘चाइल्डिश’ आणि ‘चाइल्डलाइक’. पहिला पोरकट, दुसरा बालसुलभ. एखाद्या सज्जनाच्या निष्कपट स्वभावाची स्तुति करतांना पहिला शब्द पडला तर स्तुतीची निंदा होते. आपला ‘बालिश’ हा संस्कृत शब्द ‘चाइल्डिश’शीं अर्थानें आणि शेवटच्या ध्वनीनेंही जुळतो, पण तो केवळ योगायोग, दोन्हींचा वंश वेगळा.

‘अर’ हा प्रत्यय कर्त्याचा. शिकवितो तो ‘टीचर’, गातो तो ‘सिंगर’. ह्याच न्यायानें स्वयंपाक करणाऱ्यास ‘कुकर’ म्हणण्याचा मोह मुलांस फार होतो. पण करणारा मनुष्य तो ‘कुक’, आणि ‘कुकर’ हें तर आपल्या चुलीवरचें भांडें! इंग्रजींत कर्ता आणि करण ह्या दोहोंसही एकच ‘अर’ चालतो. ‘कॉम्प्युटर’ हा शब्द एके काळीं आंकडेमोड करणाऱ्या मनुष्यास लावीत असत. मनुष्याचें काम यंत्राकडे गेलें आणि त्याबरोबर नांवही गेलें.

आतां ज्या प्रत्ययाच्या अज्ञानानें घराचें खरोखर नुकसान होऊं शकतें, त्याकडे वळतों. एकत्र कुटुंबांत पुष्कळदां असें असतें कीं, इंग्रजी कागद एकानें वाचावा आणि इतरांनीं दाखवील तेथें सही करावी. अशा कागदांत ‘ऑर’ आणि ‘ई’ ही जोडी हटकून येते. ‘ई’ हा प्रत्यय इंग्लंडच्या न्यायालयांतील जुन्या फ्रेंचचा अवशेष. ज्याच्यावर क्रिया घडते किंवा ज्यास कांहीं दिलें जातें, तो दाखविणारा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यांत भाडेपट्टा देणारा तो ‘लेसर’ आणि घेणारा तो ‘लेसी’. मालमत्ता गहाण देणारा तो ‘मॉर्गेजर’ आणि ती गहाण घेणारा तो ‘मॉर्गेजी’. येथें पुष्कळांची गल्लत होते. कर्ज घेणारास पैसा मिळाला, म्हणून ‘ई’ त्यास लागावी असें वाटतें. पण कायदा पैशाकडे पाहत नाहीं, मालमत्तेवरील हक्काकडे पाहतो. शेत गहाण टाकून कर्ज काढणारा शेतकरी हा हक्क देणारा, म्हणून तो ‘मॉर्गेजर’. आणि पैसा देऊन शेतावर हक्क मिळविणारा सावकार किंवा बँक ‘मॉर्गेजी’. मराठी विधिभाषेनें ह्यांस ‘गहाणकार’ आणि ‘गहाणदार’ असे शब्द योजिले आहेत. ‘कार’ म्हणजे करणारा, ‘दार’ म्हणजे धारण करणारा. ह्याच न्यायानें ‘पट्टाकार’ आणि ‘पट्टेदार’. एक संस्कृत प्रत्यय आणि एक फारसी, दोघांनीं मिळून इंग्रजीचा भेद इतका चोख दाखविला आहे कीं, इंग्रजी कागद वाचतांना हे मराठी शब्द समोर ठेविले तर चूक होणें कठीण.

ह्या ‘ई’चा आज घरोघरीं पोंचलेला शब्द म्हणजे ‘नॉमिनी’. बँकेच्या आणि विम्याच्या प्रत्येक कागदावर तो असतो, आणि ज्याचें नांव तेथें लिहिलें त्याचाच सगळा पैसा अशी समजूत करून घेऊन भावाभावांत वैर आल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. प्रत्यय काय सांगतो पाहा : ज्याचें नांव सुचविलें गेलें तो. ह्याहून अधिक त्या शब्दांत कांहीं नाहीं. २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें बँकेंतील ठेवीच्या बाबतींत हेंच स्पष्ट केलें कीं, ठेवीदाराच्या पश्चात् रक्कम स्वीकारण्याचा अधिकार नॉमिनीस मिळतो, परंतु तेवढ्यानें तो तिचा मालक होत नाहीं. वारसांचा हक्क कायम राहतो. ठेव ठेवतांनाच हा भेद घरांतील सर्वांस समजला, तर मागाहून कोर्टाची पायरी चढण्याचे कित्येक प्रसंग टळतील. मात्र ‘ई’ दिसली कीं घेणारा असें डोळे मिटून म्हणूं नये. गैरहजर राहणाऱ्यास ‘ॲबसेंटी’ म्हणतात, आणि त्यास कोणी कांहीं दिलेलें नसतें!

दुसरें असें ठिकाण म्हणजे वैद्याचा कागद. दवाखान्यांतून आलेल्या कागदावरील लांबलचक शब्द पाहून घरांतील बायामाणसांचा धीर सुटतो. पण त्या शब्दाचें शेपूट धरलें तर निम्मा अर्थ हातीं येतो. ‘आयटिस’ म्हणजे दाह किंवा सूज. ‘ॲल्जिया’ म्हणजे शूळ. ‘स्कोपी’ म्हणजे आंत पाहणें. ‘टमी’ म्हणजे कापणें. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणें. ‘ऑस्टमी’ म्हणजे नवें तोंड पाडणें. ‘गॅस्ट्रो’ म्हणजे जठर, हें एकदां कळलें कीं ‘गॅस्ट्रायटिस’ हा जठराचा दाह, ‘गॅस्ट्रोस्कोपी’ म्हणजे नळी घालून जठर आंतून पाहणें, आणि ‘गॅस्ट्रेक्टमी’ म्हणजे जठर किंवा त्याचा भाग काढून टाकणें. पाहणें आणि काढणें ह्यांत केवढें अंतर! नुसत्या तपासणीच्या नांवानें आजोबांची शस्त्रक्रिया ठरली असें समजून घरभर रडारड होऊं नये, आणि खरोखर शस्त्रक्रिया लिहिली असतां ती तपासणीच आहे अशा भ्रमांतही कोणी राहूं नये. औषधोपचार वैद्यासच विचारावा. परंतु त्यास काय विचारावयाचें, हें प्रत्ययाच्या ज्ञानानें कळतें.

अर्जांतून आणि पत्रांतून वरचेवर आढळणारी एक चूकही येथें सांगून टाकूं. ‘ली’ लाविला कीं विशेषणाचें क्रियाविशेषण होतें, हें खरें, ‘स्लो’चें ‘स्लोली’. परंतु ‘हार्ड’ म्हणजे कष्टानें, म्हणून ‘मीं हार्डली काम केलें’ असें जो उमेदवार लिहितो, तो आपण क्वचितच काम केल्याची कबुली देतो! ‘हार्डली’चा अर्थ जेमतेम, जवळजवळ नाहींच. ‘लेट’ म्हणजे उशिरा, पण ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. उलट ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ ह्यांच्या अंतीं ‘ली’ असून तीं विशेषणेंच आहेत. आणि ‘फॅमिली’ला तर मुळीं प्रत्ययच नाहीं. ‘मदर’, ‘फादर’, ‘कॉर्नर’ ह्यांतील ‘अर’ कर्त्याचा नव्हे; ‘हार्नेस’मधील ‘नेस’ हा प्रत्यय नव्हे. मराठींतही ‘सरदार’मधील ‘दार’ प्रत्यय आहे आणि ‘मंदार’मधील नाहीं. शेपूट दिसलें म्हणून ओढूं नये. आधीं तें लागलेलें आहे कीं मूळचेंच अंग आहे, हें पाहावें.

हें सारें वाचून कोणी म्हणेल, घरांत इंग्रजी जाणणारें मनुष्य नसेल तर हें शिकवावें कोणी? आमचें उत्तर असें कीं, घरांतील आजीबाईंनीं. इंग्रजीचें एक अक्षर न येणाऱ्या आजी ‘डॉक्टर’ ह्या शब्दापासून ‘डॉक्टरकी’ आणि ‘डॉक्टरीण’, ‘मास्तर’पासून ‘मास्तरकी’ आणि ‘मास्तरीण’ सहज बनवितात. फाइलच्या ‘फायली’, नोटिशीच्या ‘नोटिसा’ आणि टेबलाचीं ‘टेबलें’ करतांना त्या प्रत्येक परकी शब्दास लिंग देतात, सामान्यरूप देतात आणि योग्य तोच प्रत्यय लावितात. ‘डॉक्टरता’ त्या म्हणत नाहींत. जी विद्या इंग्रजीसाठीं पाहिजे, ती त्यांच्या जिभेवर आहेच. तिला फक्त दृष्टि द्यावयाची आहे.

म्हणून घरांत पुढील क्रम ठेवावा असें आम्ही सुचवितों. आठवड्यास एकच प्रत्यय घ्यावा. समजा ‘नेस’. पहिल्या दिवशीं आजीनें किंवा आईनें ‘पणा’ लागणारे दहा मराठी शब्द मुलांकडून वदवून घ्यावे. दुसऱ्या दिवशीं त्यांतील ज्या विशेषणांस मुलांस इंग्रजी शब्द येतात, त्यांस ‘नेस’ लावून पाहावें. तिसऱ्या दिवशीं ते शब्द कोशांत आहेत कीं नाहींत हें थोरल्या मुलानें तपासावें, आणि जे नसतील त्यांच्या जागीं कोणता शब्द आहे तो लिहावा. ‘एबल’ला ‘नेस’ न लागतां ‘अबिलिटी’ कां होतें, हें मुलें तेव्हां आपण होऊन विचारतील. चौथ्या दिवशीं वर्तमानपत्रांत किंवा घरांतील एखाद्या कागदांत तो प्रत्यय शोधावा. उरलेले दिवस मोकळे. वर्षाकांठीं असे चाळीस प्रत्यय झाले, तरी मुलाच्या पदरीं पडणारे शब्द वहींतील पाठांतरापेक्षां पुष्कळ अधिक असतील, आणि ते त्यानें स्वतः घडविलेले असल्यामुळें विसरणार नाहींत. शिवाय ह्या अभ्यासांत मराठी मागें पडत नाहीं. प्रत्येक पायरीस तिचाच आधार घ्यावा लागतो. इंग्रजी शिकतां शिकतां आपल्या भाषेचें व्याकरण ज्यास प्रथमच उमगलें, अशा मुलाचें दोन्हींकडून कल्याण होतें.

शब्दाच्या शेवटाचा विचार येथें पुरा झाला. पण शब्दास पुढूनही जोड लागते. ‘अन’, ‘इन’, ‘डिस’ हे इंग्रजी उपसर्ग आपल्या ‘अ’, ‘निर्’, ‘दुर्’ ह्यांच्याशीं कोठवर जुळतात, आणि टँकरच्या पाठीवर लिहिलेला ‘इन्फ्लेमेबल’ हा शब्द पेट न घेणाऱ्या वस्तूचा नसून चट्कन पेट घेणाऱ्या वस्तूचा कां आहे, हें पुढील खेपेस पाहूं. तोंवर वाचकांनीं ‘नेस’चा आठवडा पार पाडावा.